रुसवा आणि रुबाब

लग्नाच्या मांडवात दोन पाहुणे हमखास भेटतात. एक व्यासपीठावर असतो. माईक त्याच्या हातात, फोटोत तो मधोमध आणि आहेर कोणी किती केला याची घोषणाही त्याच्याच तोंडून. दुसरा शेवटच्या रांगेत तोंड पाडून बसलेला. पत्रिकेत त्याचे नाव खाली गेलेले असते किंवा जेवायला चला म्हणून कोणी हात धरून नेलेले नसते. तो न जेवता निघून जातो आणि पुढची दहा वर्षे ते कोणाला विसरू देत नाही. पहिल्याला लोक गर्विष्ठ म्हणतात, दुसऱ्याला हळवा. पहिल्याचा राग येतो, दुसऱ्याची समजूत काढली जाते. व्यक्तिमत्त्वाचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी गेल्या दोन-तीन दशकांत जे मोजून पाहिले, त्याचा रोख असा की या दोघांत वाटते तेवढे अंतर नाही. आपल्याला इतरांपेक्षा अधिक मिळायलाच हवे, ही मागणी दोघांचीही आहे. एकाने ती वसूल केली. दुसरा थकबाकीचा हिशेब मांडून बसला आहे.

मांडवापुरते हे गमतीत घालवता येते, कारण रुसणे-फुगणे हा आजार नाही. पण हीच गाठ रात्री दोन वाजता रुग्णालयाच्या अपघात विभागात येते तेव्हा गंमत उरत नाही. मनगटावर वार करून घेतलेली तरुणी, सोबत वैतागलेले नातेवाईक, आणि 'हिचे नेहमीचेच नाटक' हे वाक्य. टाके पडतात, पट्टी होते, विचारपूस होत नाही. दुसऱ्या एखाद्या घरात नवरा हात उगारतो, मग पाया पडून रडतो, लहानपणी आपल्यावर काय गुजरले ते सांगतो, आणि महिन्याभराने पुन्हा हात उगारतो. शेजारी, पोलीस, सासर-माहेर सगळे एकच प्रश्न विचारतात : हा माणूस वाईट आहे की दुखावलेला? पहिल्या प्रसंगात उत्तर 'वाईट' असे गृहीत धरले जाते आणि उपचार नाकारले जातात. दुसऱ्यात 'दुखावलेला' असे गृहीत धरले जाते आणि बायकोचे संरक्षण नाकारले जाते. प्रश्नाची मांडणीच चुकीची असल्यामुळे दोन्हीकडे किंमत मोजावी लागते ती ज्याला मदतीची गरज आहे त्याला.

'डार्क ट्रायड' म्हणजे काळ्या छटांची त्रयी हा शब्द २००२ साली रूढ झाला. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे डेलरॉय पॉलहस आणि केविन विल्यम्स यांनी तीन प्रवृत्ती एकत्र बांधल्या. स्वतःच्या मोठेपणात रमणारा नार्सिसिझम. माणसांना सोंगट्यांसारखे हलवणारी, मॅकियाव्हेलीच्या नावाने ओळखली जाणारी कावेबाज वृत्ती. आणि दुसऱ्याच्या वेदनेने न हलणारी, बेफिकीर सायकोपथी. तिन्ही वेगळ्या, पण एकमेकींना लागून.

मराठीत या शब्दांचा गोंधळ आणखी एका पायरीने वाढतो. नार्सिसिझमला काही जण 'स्वमग्नता' म्हणतात. तो शब्द ऑटिझमसाठी वापरात आहे आणि त्या मुलांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही. 'सायको' हा शब्द तर शिवीच झाला. सायकोसिस, म्हणजे भास-भ्रम होणारा आजार, आणि सायकोपथी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे चित्रपटांनी विसरायला लावले. भास होणारा रुग्ण बहुतेक वेळा स्वतःच घाबरलेला असतो. असो.

त्रयीची कल्पना लोकप्रिय झाली, पण तिच्यात एक अडचण पहिल्यापासून होती आणि ती चिकित्सालयातल्या डॉक्टरांना फार आधीपासून ठाऊक होती. १९४१ साली अमेरिकेत हर्व्ही क्लेकली यांचे 'द मास्क ऑफ सॅनिटी' हे पुस्तक आले. त्यातला सायकोपॅथ वरून गोड, आतून थंड. त्याला ना भीती ना शरम. योगायोगाने त्याच वर्षी बेंजामिन कार्पमन यांनी निबंध लिहून सांगितले, की सायकोपॅथ म्हणून आणल्या जाणाऱ्या माणसांचे दोन गट करा. काही खरोखर थंड आहेत. बाकीच्यांचे वागणे तसेच दिसते, पण आत चिंता आहे, राग आहे, जुने घाव आहेत. पुढे रॉबर्ट हेअर यांनी तुरुंगातील कैद्यांसाठी तयार केलेल्या तपासणी-यादीतही हे दोन धागे वेगळे निघाले : एक थंडपणाचा आणि फसवेगिरीचा, दुसरा उतावळेपणाचा आणि बेबंद जगण्याचा. चिंता आणि राग जोडलेले सापडतात ते मुख्यतः या दुसऱ्या धाग्याशी.

नार्सिसिझमचेही तसेच झाले. १९९१ साली पॉल विंक यांनी त्या काळी वापरात असलेल्या वेगवेगळ्या प्रश्नावल्या एकत्र तपासल्या. सगळ्या नार्सिसिझमच मोजतात असा दावा होता, पण त्या दोन ढिगांत पडल्या आणि दोन ढिगांचा आपसात जवळपास काही संबंध दिसेना. एकात मिरवणारे, धीट, आत्मविश्वासाने फुगलेले. दुसऱ्यात बुजरे, चिंताग्रस्त, टीकेचा एक शब्द महिनाभर मनात घोळवणारे. जवळच्या माणसांनी वर्णन केले तेव्हा मात्र हेकेखोरपणा आणि दुसऱ्याचा विचार न करणे दोन्हींकडे आले. मांडवातले दोन पाहुणे ते हेच.

मग २०१० साली जोशुआ मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलटा विचारला. काळ्या त्रयीला जशी थंड बाजू आहे तशी एखादी दुखरी त्रयीही आहे का? त्यांनी सायकोपथीचा उतावळा धागा, हळवा नार्सिसिझम आणि बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार एकत्र ठेवून पाहिले. बॉर्डरलाइन हा शब्द ऐकून 'थोडक्यात बचावलेला' असा समज होतो. प्रत्यक्षात हा विकार गंभीर असतो. भावना क्षणात उसळतात, कोणी आपल्याला सोडून जाईल ही भीती पाठ सोडत नाही, नाती देव्हारा आणि उकिरडा यांच्यामध्ये हेलकावे खातात, आणि स्वतःला इजा करण्याकडे हात जातो. या तिन्हींचे धागे एकमेकांत चांगलेच गुंतलेले निघाले. त्यांचे बाकीच्या गोष्टींशी असलेले नातेही सारखे होते : मनात सतत खदखदणाऱ्या नकारात्मक भावना, लोकांशी वैरभावाचे संबंध, आणि बालपणीच्या छळाच्या, वाईट वागणुकीच्या आठवणी. मूळ काळ्या त्रयीचे तीन घटकही आपसात इतके सारखे दिसत नाहीत.

'समान रचना' म्हणजे नेमके काय, हे समजायला शाळेची गुणपत्रिका पुरते. १९०४ साली चार्ल्स स्पिअरमन यांनी दाखवले, की एका विषयात चांगले गुण मिळवणारी मुले बहुधा दुसऱ्या विषयांतही बरे गुण मिळवतात; म्हणजे वेगवेगळ्या गुणांमागे एखादा सामायिक घटक मानता येतो. तेच गणित स्वभावाला लावून मॉर्टेन मोशागेन, बेंजामिन हिलबिग आणि इंगो झेटलर यांनी २०१८ साली नऊ काळ्या प्रवृत्ती तपासल्या. त्यात नार्सिसिझम, सायकोपथी, कावेबाजपणा तर होताच. शिवाय परपीडेतला आनंद, आकस, स्वार्थ, हक्काची अवाजवी भावना वगैरेही होते. अडीच हजारांहून अधिक लोकांच्या उत्तरांतून एक सामायिक गाभा निघाला. त्यांनी त्याला 'डी' म्हटले. त्याची त्यांनी केलेली व्याख्या लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुसऱ्याचे नुकसान झाले तरी चालेल, किंवा ते मुद्दाम करावे लागले तरी चालेल, पण आपला फायदा करून घ्यायचा. आणि त्याचे समर्थन करणाऱ्या समजुती जवळ बाळगायच्या. हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा. 'सगळेच तसे करतात', 'त्याची तीच लायकी होती', 'माझ्यावर इतका अन्याय झाला, आता माझी पाळी' ही ती समर्थने. यातले तिसरे वाक्य रुबाबात जगणारा क्वचित बोलतो. ते रुसलेल्याचे आहे. आपण बळी आहोत ही जाणीव खरी असू शकते, आणि तरीही तीच दुसऱ्याला दुखावण्याचा परवाना बनू शकते. काळ्या आणि दुखऱ्या छटा जिथे जोडल्या जातात तो सांधा बहुधा इथे आहे.

हा सांधा केवळ कागदी प्रश्नावल्यांत दिसतो असे नाही. २०२१ साली सोफी क्यर्विक आणि ब्रॅड बुशमन यांनी नार्सिसिझम आणि आक्रमकता यांच्यावरचे ४३७ अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यांतील सहभागींची संख्या १,२३,०४३ भरते. नार्सिसिझम आणि आक्रमकता यांचा संबंध दिसला, तो फार मोठा नव्हता पण ठाम होता. मिरवणाऱ्यांत दिसला तसा हळव्यांतही दिसला. कोणी डिवचले, अपमान केला, की तो आणखी वाढला. थोडक्यात, जो हळवा आहे तो निरुपद्रवी आहे असे समजण्याला आधार नाही. नवऱ्याचे अश्रू खरे असतील. त्यावरून पुढच्या महिन्याचा अंदाज बांधता येत नाही.

आता या गणिताची मर्यादा. सामायिक घटक हा आकडेवारीतून काढलेला असतो. मेंदूच्या एखाद्या कोपऱ्यात 'डी' नावाची गाठ सापडलेली नाही. बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य देशांतले, त्यातही विद्यार्थ्यांवरचे किंवा संगणकावर प्रश्न सोडवणाऱ्यांवरचे. माणूस स्वतःबद्दल जे सांगतो त्यावर सगळी मदार, आणि खोटे बोलणे हाच ज्या स्वभावाचा भाग आहे त्याची मोजणी त्याच्याच तोंडून होते, हा विरोधाभास संशोधकांनाही छळतो. आणखी एक बारीक पण कळीची गोष्ट आहे. उतावळेपणाबद्दलचा प्रश्न बॉर्डरलाइनच्या प्रश्नावलीत असतो, तसाच सायकोपथीच्या दुसऱ्या धाग्याच्या प्रश्नावलीतही असतो. दोन पेपरांत एकच प्रश्न आला तर गुण जुळणारच. त्यामुळे सामायिक गाभ्याचा काही हिस्सा खरा आणि काही मोजपट्टीने निर्माण केलेला, असे धरून चालणे शहाणपणाचे.

तरीही जे उरते ते पुरेसे आहे. अलीकडची मांडणी अशी, की मिरवणारा आणि रुसणारा या दोघांना जोडणारा दुवा वैरभावाचा : हक्काची अवाजवी भावना, अविश्वास, दुसऱ्याबद्दल बेपर्वाई. त्याला धडाडी जोडली गेली की रुबाब होतो, भावनिक अस्थिरता जोडली गेली की रुसवा. पीठ तेच, फोडणी वेगळी. आणि ही मात्रा थोड्याबहुत प्रमाणात प्रत्येकात असते, रक्तदाबासारखी. अमुक आकड्याच्या वर आजार, हे व्यवहारासाठी ठरवलेले असते. एवढ्याशा अंतराने कोणी माणसातून उठत नाही.

वैद्यकाने ही गोष्ट उशिरा का होईना मान्य केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२पासून लागू झाली, आणि तिने व्यक्तिमत्त्व विकारांचे जुने कप्पे जवळपास सगळे मोडीत काढले. आता डॉक्टरने आधी ठरवायचे ते प्रमाण : सौम्य, मध्यम की तीव्र. स्वतःबद्दलची जाण किती डळमळीत आहे आणि नाती किती बिघडतात, यावरून. त्यानंतर छटा : नकारात्मक भावना, अलिप्तपणा, समाजविरोधी बेपर्वाई, बेबंदपणा, अतिरेकी काटेकोरपणा. एकाच माणसात दुखरी आणि काळी छटा शेजारी-शेजारी नोंदवता येते, हे या पद्धतीचे बळ. जुना एक कप्पा तेवढा वेगळा राखला, तो बॉर्डरलाइनचा. त्याचे मोठे कारण व्यावहारिक होते : त्या नावावर उपचार उभे राहिले आहेत आणि नाव काढले तर रुग्णांची वाट बंद होईल, अशी भीती होती.

यात एक गमतीचा भाग असा, की मोबाइलवरच्या दर तिसऱ्या सल्ल्यात ज्या नार्सिसिस्टपासून पळ काढायला सांगितले जाते, त्याला जागतिक आरोग्य संघटनेने दहाव्या आवृत्तीतही स्वतंत्र पान दिले नव्हते. 'इतर' या सदरात उल्लेख होता, बस्स. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या पुस्तकात १९८०पासून तो विकार आहे. पण तिथेही निदान करायला प्रशिक्षित माणूस आणि बराच वेळ लागतो. सासू, साहेब, सोडून गेलेला मित्र, सगळ्यांना एकच बिल्ला चिकटवण्याने दोन तोटे होतात. बिल्ला लावणाऱ्याला आपल्या बाजूचे काही पाहावे लागत नाही. आणि ज्या घरात खरोखर छळ चालू आहे तिथे चर्चा छळावरून निदानावर जाते. मार बसला हे पुरेसे असते. मारणाऱ्याच्या स्वभावाचे नाव ठाऊक नसले तरी तक्रार नोंदवता येते, घराबाहेर पडता येते. कायद्याला निदानाची चिठ्ठी लागत नाही.

उलट बाजूने, निदान झालेल्यांच्या वाट्याला येणारी निराशा अनाठायी आहे. बॉर्डरलाइन म्हणजे जन्माची खोड, असे अनेक डॉक्टरांनाही वाटे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील मॅक्लीन रुग्णालयात मेरी झानारिनी यांनी दाखल झालेल्या २९० रुग्णांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २०१० साली त्यांनी दहा वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा ९३ टक्के रुग्णांची लक्षणे किमान दोन वर्षे निदानाच्या रेषेखाली राहिली होती. काम आणि नाती यांसह पूर्ण सावरलेले मात्र निम्मेच. लक्षणे जातात, आयुष्य रुळावर यायला अधिक काळ लागतो, असा त्याचा अर्थ. जन्मभराच्या खोडीचे हे चित्र नव्हे.

उपचाराचे सर्वात परिचित नाव मार्शा लिनेहान यांचे. त्यांच्या डायलेक्टिकल बिहेवियर थेरपीची पहिली मोठी चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. स्वतःला इजा करण्याचे प्रकार कमी झाले आणि उपचार अर्धवट सोडणाऱ्या स्त्रियाही कमी झाल्या. वीस वर्षांनी, २०११ साली, लिनेहान यांनी जाहीर सांगितले, की सतराव्या वर्षी त्या स्वतः अशाच अवस्थेत रुग्णालयात बंद होत्या. ज्या संस्थेत त्यांना ठेवले होते तिथेच उभे राहून त्यांनी हे सांगितले. त्यांच्या पद्धतीचा कणा दोन वाक्यांत मावतो. तुला जे वाटते ते खरे आहे. आणि तुला बदलावे लागेल. पहिले वाक्य दुखऱ्या बाजूसाठी आणि दुसरे काळ्या बाजूसाठी, असे म्हणायला हरकत नाही. एक गाळले तर दुसरे चालत नाही. केवळ समजूत काढणाऱ्या घरात इजा थांबत नाही, केवळ दटावणाऱ्या वॉर्डात रुग्ण परत येत नाही. थंड सायकोपथीच्या बाबतीत मात्र इतका भरवसा देणारा उपचार आज हाती नाही. म्हणूनच समोरच्या माणसात वेदना किती आणि बेपर्वाई किती, हे वेगवेगळे पाहणे गरजेचे ठरते.

भारतात हे पाहणार कोण, हा प्रश्न आहे. देशात लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही. लिनेहान यांची पद्धत आठवड्याला व्यक्तिगत सत्र, शिवाय गटातले कौशल्य-वर्ग आणि वर्षभराचा काळ मागते. ती देणारे मोठ्या शहरांत मोजकेच, आणि त्यांची फी परवडणारे त्याहून मोजके. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये उभी आहेत ती तीव्र मानसिक आजारांसाठी. रात्री मनगट कापून आलेली मुलगी त्यांच्या दारापर्यंत पोचत नाही. ती पोचते जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात, जिथे एक निवासी डॉक्टर आणि एक परिचारिका दहा रुग्णांमागे धावत असतात. 'नाटक' हा शब्द तिथे दुष्टपणातून येत नाही, थकव्यातून येतो. पण तो महागात पडतो. ज्यांनी एकदा स्वतःला इजा केली आहे, त्यांना पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा कितीतरी अधिक असतो, हे या विषयातले सर्वात पक्के निष्कर्ष आहेत.

त्यासाठी लगेच वर्षभराच्या थेरपीची गरज नसते. टाके घालून झाल्यावर पाच मिनिटे खुर्ची ओढून बसणे, मनात मरणाचे विचार आहेत का हे सरळ विचारणे, घरी कीटकनाशक किंवा गोळ्यांचा साठा असेल तर तो नातेवाइकांना हलवायला सांगणे, पुढच्या आठवड्याची तारीख हातात देणे आणि १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांक लिहून देणे, एवढे परिचारिकाही करू शकतात. ते शिकवावे लागते, आणि शिकवायला दोन दिवस पुरतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम ११५ पुढचे काम सरकारवर टाकतेच. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरायचे, आणि पुन्हा तसा प्रयत्न होऊ नये यासाठी तिला शुश्रूषा, उपचार आणि पुनर्वसन पुरवायचे, असे त्यात लिहिले आहे. प्रयत्न खरा होता की दिखाऊ, बाई स्वभावाने कशी आहे, ती दुसऱ्यांदा आली की सातव्यांदा, याबद्दल त्या कलमात एकही अट नाही.